कूलरमधून पंच्याण्णव सालात

सिंदी (रेल्वे)
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

रत्नदीपच्या बाबाले दीपमालाचा जय भीम.

फोन घरी ठेवून गेले अन् चार्जर घेऊन गेले, असा रागावलेला माणूस मी पहिल्यांदाच पाह्यला. अडीच महिने झाले. अल्लीपुरात त्या चार्जरले काय लावून राह्यले तुमी? तुमच्या जिजाबाई वहिनीच्या फोनवर बोलायले बोलावलं का तुमी म्हणे वावराच्या धुऱ्यावर जाता. मोठे भाऊजी हाका मारतात अन् तुमी कापसाच्या पराटीत शिरता. सख्ख्या भावाच्या वावरात लपून राहायचं हे वय आहे काय तुमचं? म्हणून पत्र लिहून राह्यली. फोन कापता येते, पत्र कापलं तरी आधी थोडं वाचावंच लागते.

तुमचा राग मले समजत नाई असं नाई. तुमच्या बाबानं जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहिल्या, त्यायच्या पाठीवरचा घट्टा मी माह्या हातानं तेल लावून पाह्यला आहे. तुमी घरातले पहिले सरकारी नोकर. छत्तीस वर्षं कोणाचा चहा फुकट पिला नाई. रत्नदीपनं पाच वर्षं परीक्षा देल्ल्या, तवा कुठं वर्ध्याले क्लार्क लागला, अन् तुमी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. मे महिन्यात तुमी रिटायर झाले अन् जुलैत त्यानं राजीनामा देल्ला. तुमी म्हणलं, "या घरात एक तर हा राहीन, नाई तर मी." आता मी काय करू? त्याले हाकलू? माहं पोट्टं आहे ते. अन् तुमाले जाऊ द्यायचं कोणाच्या मनात होतं? पिशवी भरून निघाले ते सीधे बस स्टँडवर.

त्या दिवशी मी काहीच बोलली नाई याचाही तुमाले राग असन. बापलेकाच्या मधात बाईनं काऊन पडावं, असं मले वाटलं. जाऊ द्या ते.

आता कामाची गोठ. पोट्टा लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेते अन् त्यावर त्याचं भागते. उरलेल्या वेळात सिनेमा काढून राह्यला. सिनेमात एक पोट्टा आहे. त्याचे माय-बाप उतारवयात एकामेकाशी बोलत नाईत, वेगळे राहतात. (हे त्याले कुठून सुचलं, इचारू नका.) तर हा पोट्टा जुन्या कूलरच्या आत बसते, बटन फिरवते, अन् निघते ते पंच्याण्णव सालात, माय-बापाच्या पाहण्याच्या कार्यक्रमात. पाहते तर काय, बाप मायले नाकारून राह्यला! अन् बापानं नाकारलं तर हा जन्मालेच येत नाई. म्हणून तो पोहे वाढायच्या बहाण्यानं घरात शिरते अन् बापाले पटवते.

मी म्हणलं, "अरे, म्हणजे पोह्यात मीठ जास्त पडलं तरी तू गायब?"

तो म्हणे, "हो आई. हाच तर सिनेमा आहे."

मी किती हासली, काय सांगू बाप्पा. मग लक्षात आलं का या घरात लय दिवसांनी कोणी हासलं.

कूलर आपलाच आहे. ओरडू नका. पंप काढून बाजूले ठेवला आहे, फक्त पत्र्याले चंदेरी रंग मारला. उन्हाळ्यापर्यंत खरडून देतो म्हणते.

त्याले पंच्याण्णवचं सगळं बिनचूक पाह्यजे. मी सांगतलं का पाहण्याच्या दिवशी तुमी पांढरा शर्ट घालून बोरगाव मेघ्यात आमच्या घरी आलते अन् तुमच्यासोबत चार जण होते. बरोबरच असन.

जेवत जा टाइमावर. जिजाबाईले नमस्कार सांगजा.

तुमची
दीपमाला



सिंदी (रेल्वे)
मंगळवार, १५ ऑक्टोबर

जय भीम.

तुमचं पोस्टकार्ड भेटलं. तीन महिन्यांनी नवऱ्याचं पत्र, अन् त्यात काय? "शर्ट फिकट निळा होता. आम्ही एकूण सहा जण होतो. कळावे." वा रे वा! तब्येत कशी आहे, पाठ दुखते का, घरी कोण मेलं कोण जिवंत आहे, काही नाई. मी ते कार्ड उजेडात धरून पाह्यलं, 'कळावे'च्या आधी काही लिहून खोडलं का म्हणून.

आता खरं सांगू? शर्ट निळा होता हे मले पक्कं माहीत होतं. दुसऱ्याची चूक दिसली का तुमच्यानं राहवत नाई, हेही माहीत होतं. एकोणतीस वर्षं काढली आहेत मी तुमच्यासोबत.

शनिवारी दीक्षाभूमीवर गेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याविना. शिदोरी तिघांची बांधली, सवयीनं. इतक्या गर्दीत मी येड्यावानी पांढरे शर्ट पाहत फिरली. तिथं सगळेच पांढरे शर्ट! रत्नदीप म्हणे, "आई, कोणाले शोधून राह्यली?" मी म्हणलं, "कोणाले नाई, पुस्तकाचा स्टॉल पाहून राह्यली." मले तुमची लय आठवण आली. हे पोस्टकार्डावर लिहिता येत नाई म्हणून पत्रात लिहिलं.

येताना गाडीत तो म्हणे, "आई, बाबानं तुले होकार काऊन देल्ला, ते सांग. सिनेमात तीच जागा रिकामी आहे." मग मी त्याले ती गोठ सांगतली. तुमच्या मामानं भर बैठकीत मले बावीस प्रतिज्ञा म्हणायले लावल्या होत्या. बाबा घाबरले, आई दाराआड उभी. मी म्हणत गेली अन् अकरावीवरून सीधी तेरावीवर उडी मारली. मामाले समजलं नाई, कोणालेच समजलं नाई. तुमी मान वर केली, माह्याकडे पाह्यलं, अन् खाली पाहून पोह्याचा घास घेतला. लग्न होऊन चार दिवस झाले तवा म्हणलं, "बारावी सोडली होती तुमी." मले तवा 'तुमी' म्हणायचे!

पोट्टा लिहिता लिहिता थांबला. म्हणे, "बाबा कधी कोणाची चूक सोडतात?"

मी म्हणलं, "एकदा सोडली होती."

तो खिडकीतून बाहेर पाहत बसला.

बरं, सिनेमाची खबर. तरुण आई म्हणजे माधवी, सेलूची पोरगी, मोठी गोड आहे. तरुण बाबा अश्विन, रत्नदीपचा दोस्त. म्हाताऱ्या आईचा पार्ट मीच करून राह्यली. म्हाताऱ्या बाबासाठी धनंजय मास्तर तयार झाले आहेत. त्यायचा आवाज काय भारदस्त! पहिल्याच शॉटमध्ये मले म्हणायचं होतं, "तुमी परत या." मी धनंजय मास्तराकडे पाहून म्हणली. सगळे म्हणे, काय खरं वाटलं!

तुमची
दीपमाला



सिंदी (रेल्वे)
सोमवार, ११ नोव्हेंबर

जय भीम.

"धनंजयला चष्म्याशिवाय दिसत नाही. मिशा रंगवलेल्या आहेत. कळावे." हे कार्ड मी मास्तरायले दाखवलं नाई. स्वयंपाकघरात डब्याच्या मागं ठेवलं आहे अन् अधूनमधून वाचते.

पण काल इथं जो तमाशा झाला त्यात सगळं राह्यलं बाजूले. नीट वाचा.

काल आपल्या विहारात लग्नाचा सीन होता. आपलं लग्न, पंच्याण्णवचं. रत्नदीपले शंभर माणूस पाह्यजे होता. मी म्हणलं, शंभर माणूस कशानं येते? जेवणानं. म्हणून मी अन् शेजारची रुख्माबाई घरोघरी गेलो अन् आवतन देऊन आलो, रविवारी विहारात लग्न आहे, जेवायले या. सिनेमाचं लग्न आहे हे मी हर घरी सांगतलं. लोकायनं 'लग्न' तेवढंच ऐकलं, असं नाई. त्यायले समजलं होतं. पण लग्नाचं आवतन आहे अन् पंगत आहे, तर रिकाम्या हातानं कोण येईन? सगळे आहेर घेऊन आले! सतरा पातेले, कणीक मळायचे सहा कोपर, साड्या, टॉवेल, एक पंखा. रुख्माबाईनं तिच्या मायची पाणी भरायची पितळेची गुंडी आणली अन् माधवीच्या हातात देऊन डोळे पुसत म्हणे, "सुखी राह्य माय." माधवी तिथंच रडली. अश्विनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग प्रेमदास गुरुजी आले. खरे बौद्धाचार्य पाह्यजे असा रत्नदीपचा हट्ट, अन् आपलं लग्न त्यायनंच लावलं होतं. त्रिशरण झालं. पंचशील सुरू केलं. अन् चौथ्या शीलापाशी, 'मुसावादा' म्हणायच्या जागी, गुरुजी थांबले. पुस्तक मिटलं.

रत्नदीप म्हणे, "काय झालं गुरुजी? कॅमेरा सुरू आहे."

"बेटा, हे शील काय सांगते? खोटं बोलणार नाई. आता हे दोघं माह्या मागं म्हणतीन का आमी खोटं बोलणार नाई, अन् लगेच पुढच्या मिनिटाले नवरा-बायको म्हणून खोटी प्रतिज्ञा घेतीन. बुद्धासमोर. मी हे कसं म्हणवून घेऊ?"

"गुरुजी, हा सिनेमा आहे!"

"तू सिनेमा कर. मूर्तीले कपडा झाक, माह्या जागी नाटकातला माणूस उभा कर, माही हरकत नाई. पण मी म्हणवीन तर खरं म्हणवीन."

शंभर माणूस उन्हात. पंगतीतले काही जण गुरुजीच्या बाजूनं, काही पोट्ट्याच्या. धनंजय मास्तर बोलायले उठले अन् चष्मा नव्हता म्हणून सतरंजीत पाय अडकून पडले. (लागलं नाई. हासू नका.) शेवटी गुरुजीच म्हणे, "ज्याचं लग्न दाखवून राह्यला ते दोघं जिवंत आहेत ना? त्यायले उभं कर. खरे नवरा-बायको शंभरदा प्रतिज्ञा घेवोत, त्यात काय खोटं?"

सगळे माह्याकडे पाहायले लागले. अन् मग सगळ्यायनं तुमची जागा पाह्यली.

जेवणं झाली. आहेर परत नेत नाईत, म्हणतात का आहेर काय परत नेतात? लग्न लावा मग. रुख्माबाई सकाळी सकाळी येऊन गुंडी घासून गेली. घरात चालायले जागा नाई.

रत्नदीपनं रातोरात कथा बदलली. आता कूलरचं बटन उलटं फिरते अन् पोट्ट्याच्या ऐवजी म्हातारे माय-बापच पंच्याण्णवात जातात, स्वतःच्या लग्नात उभे राहतात. गुरुजीनं १ डिसेंबरचा रविवार देल्ला आहे. तो तुमाले बोलावणार नाई, त्याची हिंमत नाई. मी बोलावून राह्यली. येजा. मोठ्या भाऊजीले अन् जिजाबाईलेही आणजा.

अजून एक. परवा जिजाबाई फोनवर म्हणे, "रत्नदीपची बदली गडचिरोलीले झाली म्हणे, पोराले तिकडं करमते का?" मी म्हणलं, "हो, करमते." बदली! छत्तीस वर्षांत एक खोटा शेरा मारला नाई तुमी, अन् सख्ख्या भावाले हे सांगतलं? मी रागावली नाई. तुमाले किती लागलं असन ते समजलं.

तुमची
दीपमाला



सिंदी (रेल्वे)
सोमवार, १८ नोव्हेंबर

जय भीम.

आज तुमचं कार्ड आलं. "विचार करतो. कळावे." मले माहीत आहे, 'विचार करतो' म्हणजे तुमचं अर्धं हो असते. पोट्ट्यानं ते कार्ड वाचलं अन् पांढरा सदरा धुवायले टाकला. तुमचा.

आता मी जे लिहून राह्यली ते वाचून तुमचं अर्धं हो पूर्ण नाई होईन कदाचित. रत्नदीपले मी हे पत्र दाखवलं नाई. त्याले समजलं तर तो म्हणेन, "आई, एक तारीख होऊ दे, मग सांग." मीही तोच विचार केला. चार दिवस केला. पण विहारात गुरुजीच्या मागं मलेही म्हणायचं आहे ना, खोटं बोलणार नाई म्हणून? तुमच्या बाजूले उभी राहून? माह्यानं नाई होणार.

राजीनामा त्यानं नाई देल्ला. मी द्यायले लावला.

जून महिन्यात तो रोज ऑफिसमधून आला का न्हाणीत जाई अन् नळ सुरू करी. बादली भरून वाहे तरी नळ बंद होईना. तुमी बाहेरून ओरडत, "पाणी काय फुकटचं आहे?" एक दिवस मी दाराले कान लावला. तोंडात टॉवेल धरून रडून राह्यला होता. अठ्ठावीस वर्षांचा माणूस. पुढचे तीन आठवडे मी रोज ऐकलं. तुमी टीव्हीसमोर बसलेले, मी दारापाशी. शेवटी मी त्याले धरलंच. तो म्हणे, "आई, तिथं खुर्चीवर बसलो का मले श्वास घेता येत नाई. सकाळी गाडीत चढताना वाटते, आज गाडी पोचू नये." मग म्हणे, "पण बाबाले सांगू नको. त्यायनं माह्यासाठी पेढे वाटले आहेत."

मी म्हणलं, "सोड."

तो सोडत नव्हता. तुमच्या भेवानं नाई, तुमच्या आनंदाच्या भेवानं. मग मीच कागद घेतला. इतकी वर्षं तुमचे मसुदे मी चांगल्या अक्षरात उतरवून देल्ले, मले काय येत नव्हतं? तुमच्या जुन्या फायली समोर ठेवून राजीनाम्याचा अर्ज मी लिहिला. त्यानं टाइप करून सही केली, एवढंच.

तुमी तो अर्ज हातात धरून त्याच्यावर ओरडले. मधातच म्हणलं, "मसुदा तरी बिनचूक आहे, कोणत्या वकिलाकडून लिहून घेतला?" मी स्वयंपाकघरात भाजीवर सांबाराची हिरवी पानं चिरून टाकून राह्यली होती. मी बाहेर आली नाई. पोट्टा मान खाली घालून उभा राह्यला अन् माहं नाव घेतलं नाई. तुमी त्याले नालायक म्हणलं तरी घेतलं नाई. तुमी पिशवी भरली, चपला घातल्या, मी तरी बोलली नाई.

पहिल्या पत्रात मी लिहिलं का बापलेकाच्या मधात काऊन पडावं. खोटं लिहिलं. मीच तुमच्या मधात होती. मी भेली. तुमच्या ओरडण्याले नाई, तुमी आयुष्यभर माह्यावर जो भरोसा केला तो जाईन याले भेली. अन् माह्या भेवाचे चार महिने त्या पोट्ट्यानं भरले.

आता तुमाले यायचं तर या, नाई तर नका येऊ. पण रागावायचं असन तर माह्यावर रागवा. त्याले सोडा. अन् आजही तशीच वेळ आली तर मी त्याले 'सोड'च म्हणीन. फक्त आधी तुमाले सांगीन.

तुमची
दीपमाला



सिंदी (रेल्वे)
मंगळवार, ३ डिसेंबर

रत्नदीपच्या बाबाले जय भीम.

काल सकाळच्या बसनं तुमी गेले अन् आज मी पत्र लिहायले बसली, म्हणजे सवयच लागली म्हणा. मोठ्या भाऊजीची वेचणी अर्धी सोडून येता येत नाई हे मले पटते. शनिवारपर्यंत या. पण काही गोठी अशा आहेत का त्या तुमाले शनिवारच्या आधी समजल्या पाह्यजेत, अन् त्या तोंडानं सांगायले मले जमणार नाई.

रविवारी साडेअकरा वाजले तरी तुमचा पत्ता नव्हता. मी पांढरी साडी नेसून विहाराच्या पायरीवर बसली होती. पन्नाशीतली नवरी! लोकं येऊन येऊन पाहून जात होते. गुरुजीनं दोनदा घड्याळ पाह्यलं. माह्या मनात एकच होतं, का मी ते पत्र लिहून पोट्ट्याचा सिनेमाही घालवला अन् त्याचा बापही. तवा तुमी तिघं रस्त्यानं येताना दिसले. तुमी माह्यापाशी आले अन् म्हणलं, "अर्जात 'महोदय'नंतर स्वल्पविराम राह्यला होता." मी पदर तोंडाले लावला. बायकायले वाटलं नवरी रडून राह्यली. मी हासत होती. मग रडली, ते वेगळं.

हार घालताना तुमी माह्या डोळ्यात पाह्यलं. पंच्याण्णवात नव्हतं पाह्यलं. तवा तुमी मले ओळखत नव्हते.

पण मले सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. चौथ्या शीलापाशी. गुरुजीनं म्हणलं, मी म्हणलं, अन् तुमचा आवाजच येईना. गुरुजीनं पुन्हा म्हणलं. मले वाटलं, संपलं, माह्या पत्राचा राग आता निघते. तुमी डोळे उघडले, मोठ्या भाऊजीकडे वळले अन् म्हणलं, "भाऊ, रत्नदीपची बदली झाली नाई. त्यानं नोकरी सोडली. मले लाज वाटली म्हणून तुले अन् अख्ख्या अल्लीपूरले मी खोटं सांगतलं." मग इतक्या मोठ्यानं म्हणलं का बाहेर भांडे घासणाऱ्या बाया आत आल्या: "माहा पोरगा सिनेमा काढते."

अन् गुरुजीले म्हणलं, "हं, आता म्हणा."

तुमी मोठ्या भाऊजीकडे तोंड करून उभे होते अन् रत्नदीप तुमच्या पाठीमागं, कॅमेऱ्यापाशी. म्हणून तुमाले दिसलं नाई. मले तिरप्या नजरेनं दिसलं. त्याच्या कानाले ते मोठे हेडफोन होते अन् तुमच्या सदऱ्याले त्यानं बारकासा माइक लावला होता. म्हणजे तुमचं बोलणं आमी सगळ्यायनं दुरून ऐकलं, त्याच्या थेट कानात पडलं. त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले अन् कॅमेरा सोडून खाली बसला. अश्विननं पळत येऊन कॅमेरा सांभाळला, नाई तर आपलं लग्न दुसऱ्यांदाही राह्यलं असतं.

त्यानंतर दिवसभर तुमी दोघं बोलले ते काय? "जेवला?" "हो बाबा. तुमी?" "हो." बस! मी अन् जिजाबाई दारात उभ्या राहून ऐकून राह्यलो होतो. जिजाबाई म्हणे, "एवढंच?" मी म्हणलं, "बाई, या घरात हे लय झालं." रात्री तुमी झोपले अन् तो तुमच्या पायावर चादर टाकून गेला, हेही तुमाले माहीत नाई.

आता ती गोठ, जिच्यासाठी पत्र लिहिलं. काल दुपारी तो मधल्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला. मी भाकरी टाकून राह्यली होती. आतून तुमचा आवाज आला, "माहा पोरगा सिनेमा काढते." मले वाटलं तुमी परत आले, मी पिठाच्या हातानं बाहेर धावली. दारात कोणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत मी मोजणं सोडून देल्लं. आज सकाळी चहाच्या आधीच सुरू झालं.

मी दारातून इचारलं, "काऊन रे, रेकॉर्डिंग खराब झालं का?"

त्यानं माह्याकडे पाह्यलं नाई. म्हणे, "नाई आई. चांगलं झालं."

अन् पुन्हा लावलं.

तुमची
दीपमाला